वणवा, कायदा आणि माणूस

फाल्गुन सरत आला कीं वरूडच्या उत्तरेस पसरलेल्या सातपुड्याच्या रांगा रात्रीं उजळूं लागतात. दिवसां पाहावें तर डोंगर करडा, झाडें निष्पर्ण आणि क्षितिजावर धुराची एक पातळ पट्टी; परंतु अंधार पडला म्हणजे त्याच डोंगराच्या अंगावरून आगीची एक वांकडीतिकडी रेघ सरकतांना दिसते. दूरच्या पाहणाऱ्याला तो देखावा मोठा रमणीय वाटतो. ज्याचें घर, गोठा किंवा संत्र्याची बाग त्या रेघेच्या वाटेंत असते, त्याला मात्र त्यांत रमणीय असें कांहींच आढळत नाहीं.

पश्चिमेस मेळघाटापासून पूर्वेस महेंद्रीच्या रानापर्यंत वऱ्हाडच्या या उत्तर सीमेवर सागाचें, बांबूचें आणि कुसळी गवताचें जंगल आहे. सागाचें पान मोठें, आणि वाळलें म्हणजे पापडासारखें कडक. पानगळ झाली कीं घोट्याएवढा थर जमिनीवर सांचतो, त्यावर गवत वाळून पिवळें पडतें, आणि मग एक ठिणगी पुरते. महाराष्ट्राचें वनखातें १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंतचा काळ आगीचा हंगाम मानतें. या चार महिन्यांचा इतिहास दोन प्रकारें सांगतां येतो. एक इतिहास लांकडाचा: जंगल कसें राखलें, रेषा कशा आंखल्या, कायदे कोणते केले. दुसरा माणसाचा: आग अंगावर आली असतां कोण कसा वांचला आणि कोण कां वांचला नाहीं. पहिला सरकारी दप्तरांत विस्तारानें नोंदलेला आहे. दुसरा बहुतांशीं तोंडोतोंडींच राहिला. वणव्यांतील मृत्यूंचा विचार करूं जातां या दोन इतिहासांची फारकत हेंच त्यांचें एक मोठें कारण दिसून येतें.

बांबूवर बांबू घासून वणवा पेटतो अशी एक समजूत आहे. कवींना ती सोयीची आहे. परंतु भारतांतील बहुतेक सर्व वणवे माणसाच्या हातून लागतात. मोहाचीं फुलें चैत्रांत पहांटे गळतात. तीं पाचोळ्यांत हरवूं नयेत म्हणून झाडाखालचा पाला पेटविला जातो. तेंदूच्या झुडपाला कोंवळीं, रुंद पानें फुटावींत म्हणून तेंहि जाळलें जातें. गुरांना पावसाच्या आरंभीं हिरवें गवत लवकर मिळावें हा गुराख्याचा हेतु. यांत दुष्टपणा नसतो, परंतु लावलेली आग विझवून घरीं जाण्याइतका धीर पुष्कळदां नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तर डोंगरांतील कोरकू आणि गोंड लोक जंगलाचा तुकडा तोडून, वाळवून, जाळीत आणि त्या राखेंत बी फेंकून पीक घेत. या शेतीला तिकडे ‘दह्या’ म्हणत. आग हें त्यांचें औत होतें. आणि जो आगीनें शेती करतो त्याला आगीचा स्वभाव ठाऊक असावाच लागतो. एरवीं तो पहिल्याच उन्हाळ्यांत मरावयाचा.

ही व्यवस्था पालटली ती रेल्वेमुळें. रुळांखालीं घालण्यास सागाचे स्लीपर लाखांनीं हवे होते. १८६१ मध्यें मध्यप्रांताची स्थापना झाली, आणि तेथील जंगलांची पाहणी व देखरेख कॅप्टन पिअर्सन या अधिकाऱ्याकडे आली. १८६४ मध्यें ब्रँडिस हे हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. त्या काळीं गोऱ्या अधिकाऱ्यांत एक मत सार्वत्रिक होतें: या देशांतील वणवा हा उन्हाळ्यासारखाच अटळ आहे, तो थांबविण्याची गोष्ट बोलणेंहि हास्यास्पद. पिअर्सन यांनीं त्याच वर्षीं हें मत खोटें पाडण्याचें मनावर घेतलें.

त्यांनीं निवडलेली जागा म्हणजे वरूडहून उत्तरेस, बैतूल जिल्हा ओलांडून पलीकडे, पचमढीच्या पायथ्याचें बोरीचें जंगल. या जागेलाहि एक पूर्वकथा आहे. १८५७ च्या पाठोपाठ त्या डोंगरांत जे उठाव झाले त्यांत भभूतसिंग हा कोरकू जहागीरदार अग्रभागीं होता. त्याचा पाडाव झाल्यावर त्याची जमीन सरकारजमा झाली, आणि तिच्यांतूनच १८६५ मध्यें बोरीचें राखीव जंगल निर्माण झालें. हिंदुस्थानांत वणव्यापासून यशस्वीपणें राखलेलें पहिलें जंगल म्हणून ज्याचें नांव वनशास्त्राच्या ग्रंथांत येतें, तें अशा रीतीनें एका कोरकू नायकाकडून हिरावून घेतलेलें होतें. ही गोष्ट पुढील हकीकत समजण्यास उपयोगी आहे.

पिअर्सन यांची रीत साधी होती, आणि तिचा गाभा आजहि बदललेला नाहीं. जंगलाच्या भोंवतीं व मधून रुंद पट्टे आंखावयाचे, त्यांवरील गवत कापावयाचें आणि तें वाळल्याबरोबर जाळून टाकावयाचें. यांतील सारी मेख वेळेंत आहे. कापलेलें गवत उन्हानें चार दिवसांत वाळतें, पण त्याच्या शेजारचें उभें गवत अजून मुळांशीं ओलें असतें. त्या मधल्या थोड्या दिवसांत पट्टा पेटविला तर आग पट्ट्यांतच राहते. पंधरवडाभर उशीर झाला तर जी आग राखणदार म्हणून बोलाविली तीच घरांत शिरते. या पट्ट्याला आज वनखात्यांत ‘जाळरेषा’ म्हणतात. शब्द अर्थवाही आहे. वणव्याला अडविणारी रेषा भिंतीची नव्हे, खंदकाचीहि नव्हे; ती आधींच जळलेल्या जमिनीची आहे. बोरीचा प्रयोग साधला आणि ही पद्धत देशभर पसरली. गवत ओलें केव्हां, वाळलें केव्हां, वारा दुपारीं कोणीकडून फिरतो, हें सारें ज्या माणसांनीं सांगितलें व ज्यांनीं रात्र रात्र जागून पट्टे जाळले तीं गोंड-कोरकूंचींच माणसें होतीं; त्यांचीं नांवें ग्रंथांत नाहींत.

यानंतर कायदा आला. वऱ्हाड हा निजामाकडून १८५३ मध्यें इंग्रजांच्या कारभाराखालीं आलेला मुलूख असल्यामुळें तेथें १८८६ चा स्वतंत्र वनकायदा होता. बाकीच्या मुलखांत १८७८ चा आणि पुढें १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू झाला. १९२७ च्या कायद्याचीं दोन कलमें येथें लक्षांत घेण्याजोगीं आहेत. सव्विसाव्या कलमान्वयें राखीव जंगलास आग लावणें हा गुन्हा तर आहेच. पण ती आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानें लागली असें दिसल्यास त्या भागांतील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क सरकारला तहकूब करतां येतात. म्हणजे एकानें काडी ओढावी आणि साऱ्या गांवाच्या गुरांनीं उपाशी राहावें. एकोणऐंशीव्या कलमान्वयें जंगलांत हक्क किंवा परवानगी असलेल्या प्रत्येक माणसानें, तसेंच लगतच्या गांवांतील सरकारी वेतन घेणाऱ्यानें, म्हणजे त्या वेळच्या व्यवस्थेंत पाटील-कोतवालानें, आगीची वर्दी दिली पाहिजे आणि ती विझविण्यास हातभार लावला पाहिजे. कसूर केल्यास कैद किंवा दंड. कलम कितीहि वेळां वाचलें तरी त्यांत विझविण्यास गेलेल्या माणसानें परत कसें यावें याविषयीं एक शब्दहि सांपडत नाहीं.

सक्तीनें घेतलेल्या मदतीची किंमत लौकरच कळून आली. जंगलाचे निर्बंध हा वऱ्हाडांतील शेतकऱ्याचा जुना सल होता. १० जुलै १९३० रोजीं पुसद येथें लोकनायक बापूजी अणे यांनीं राखीव जंगलांतील गवत कापून सत्याग्रह केला. सातपुड्याच्या पलीकडे घोडाडोंगरीच्या बाजूस कोरकू व गोंड याच वर्षीं हजारोंनीं उठले. ज्या गवताच्या राखणीसाठीं रेषा जाळल्या जात होत्या तेंच गवत आतां कायदेभंगाचें शस्त्र झालें. ज्या जंगलांत आपली गाय चरूं शकत नाहीं तें जळत असतांना माणूस किती जिवावर उदार होऊन धांवणार, हा प्रश्न कोणत्याहि वनाधिकाऱ्यानें स्वतःस विचारावा असाच होता.

शास्त्राच्या अंगानेंहि शंका निघाल्या. ब्रह्मदेशांतील स्लेड या अधिकाऱ्यानें १८९६ मध्यें लिहिलें कीं तेथील सागाच्या रानांत आगीपासून अतिरेकी संरक्षण केल्यानें लाभापेक्षां हानिच अधिक होत आहे. कारण उघड आहे. वर्षानुवर्षें आग न लागलेल्या रानांत पाला, वाळलेला बांबू, घाणेरीचीं झुडपें यांचा सांठा वाढत जातो. आणि मग एखाद्या कोरड्या वर्षीं जी आग लागते ती गुडघ्याएवढी न राहतां माणसाच्या डोक्यावरून जाते. थंडी संपतां संपतां थोडें थोडें जाळून टाकावें, कीं मुळींच जाळूं नये, हा वाद आज सव्वाशें वर्षांनंतरहि मिटलेला नाहीं. रोपें, पक्ष्यांचीं घरटीं, जमिनींतील कस यांची बाजू घेणारेहि खोटें बोलत नाहींत. असो.

आतां दुसऱ्या इतिहासाकडे, म्हणजे माणसाकडे वळावयाचें.

वणव्याला पाय नसतात, पण त्याची चाल ठरलेली आहे. उष्णता वर चढते. म्हणून उतारावरची आग आपल्या वरच्या बाजूचें गवत आधींच तापवून, वाळवून ठेवते. सपाटीपेक्षां उतार दहा अंशांनीं चढता असला तर आगीचा वेग सुमारें दुप्पट होतो, वीस अंशांनीं चौपट. माणसाचा वेग चढणीवर नेमका उलट घटतो. डोंगराची अरुंद घळ तर धुराड्याचें काम करते. म्हणून जंगलांत वावरणारा जाणता माणूस आगीच्या वरच्या अंगास कधींहि थांबत नाहीं, घळींतून वर पळत नाहीं. तो आडवा जातो, खालीं उतरतो, नदीचें कोरडें वाळूचें पात्र, उघडा खडक, गाडीवाट किंवा वखरून काळें केलेलें शेत गांठतो. यांपैकीं कांहींच जवळ नसेल तर त्याचा शेवटचा आसरा म्हणजे आधींच जळलेली जमीन. आगीची धार बारीक आणि ज्वाळा गुडघ्याखालीं असतील अशी जागा पाहून, तोंड झांकून, एका दमांत ती ओलांडावी आणि काळ्या राखेवर उभें राहावें. जें एकदां जळालें तें पुन्हां जळत नाहीं. जाळरेषेचें तत्त्व तेंच, आणि जीव वांचविण्याचेंहि तेंच.

या ज्ञानाची किंमत साऱ्या जगानें मोजली आहे. ५ ऑगस्ट १९४९ रोजीं अमेरिकेंत माँटाना प्रांतांतील मॅन गल्च या दरींत विमानांतून उतरलेल्या अग्निशामकांच्या तुकडीवर गवताची आग उलटली. सारे चढ चढून पळूं लागले. त्यांचा नायक वॅगनर डॉज यानें पळतां पळतां काडी ओढली, समोरचें गवत पेटवून दिलें आणि त्याच्या गरम राखेंत तो पालथा पडून राहिला. सोबत्यांनाहि त्यानें हांका मारल्या. त्यांना तो वेडा झाला असें वाटलें असावें. कोणी थांबलें नाहीं. डॉज वांचला. आणखी दोघे कड्याच्या फटींतून निसटले. तेरा जण मेले. येणाऱ्या वणव्यास समोरून आग भिडविण्याची युक्ति गवताळ मुलखांतील लोकांस फार पूर्वींपासून ठाऊक होती, वनखातेंहि ती ‘काउंटर फायर’ म्हणून वापरतें. परंतु त्या तुकडीच्या शिक्षणांत मात्र ती नव्हती. येथें एक इशाराहि दिला पाहिजे: वारा न ओळखतां ही युक्ति करणारा स्वतःच दोन आगींमध्यें सांपडतो. तें नवशिक्याचें काम नव्हे.

आपल्याकडील उदाहरणें याहून जवळचीं आहेत. ११ मार्च २०१८ रोजीं तामिळनाडूंतील थेनी जिल्ह्यांत कुरंगणीच्या डोंगरावर हौसेनें पदभ्रमणास गेलेली तरुण मंडळी गवताळ उतारावर वणव्यांत सांपडली आणि वीसांहून अधिक जणांचा अंत झाला. डोंगर त्यांना अनोळखी होता आणि परतीची वाटहि. एप्रिल २०२१ मध्यें तर विदर्भांतच, गोंदिया जिल्ह्यांतील नागझिऱ्याच्या जंगलांत, आग विझविण्यास गेलेले तीन वनमजूर होरपळून मेले. हे अनोळखी नव्हते. हें त्यांचेंच रान होतें. हंगामी मजुरी, हातांत हिरवी डहाळी किंवा पाठीवर वारा फेंकणारें ब्लोअर यंत्र, अंगावर साधे कपडे. आणि वारा फिरला. विझविण्याचें कर्तव्य कायद्यानें दीडशें वर्षें सांगितलें आहे. त्या कर्तव्याबरोबर एक पहारेकरी उंचावर ठेवावा, निसटण्याच्या दोन वाटा आधींच ठरवाव्या, नायलॉनचा कपडा अंगावर नसावा, दुपारच्या वाऱ्यांत चढाच्या तोंडाशीं उभें राहूं नये, हे नियम तितक्याच निक्षून सांगितले गेले असते तर कित्येक संसार उघडे पडले नसते.

गांवच्या गांव हलविण्याचा प्रसंग वऱ्हाडांत क्वचित् येतो, कारण आपल्याकडील वणवा बहुधा जमिनीवरून सरपटतो. शेंड्यांवरून उड्या घेत नाहीं. पण क्वचित् म्हणजे कधींच नव्हे असें नाहीं. डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांत कुडाच्या भिंती, गवताचीं किंवा कवेलूंचीं छपरें, आणि घराला टेकून रचलेल्या तुराट्या-पऱ्हाट्या असतात. एक उडता निखारा पुरेसा. वरूड तालुक्याला विदर्भाची कॅलिफोर्निया म्हणतात तें संत्र्यांवरून. पण खऱ्या कॅलिफोर्नियानें या बाबतींत दिलेला धडा संत्र्यांहून मोलाचा आहे. ८ नोव्हेंबर २०१८ रोजीं तेथील पॅरडाइज हें गांव एका सकाळींत भस्म झालें आणि त्या आगीनें पंचायशीं माणसें घेतलीं. सर्वांनीं एकाच वेळीं मोटारी काढल्या, रस्ते तुंबले, मोटारींना आग लागली. पुष्कळ जण वांचले ते दुकानांपुढच्या उघड्या डांबरी पटांगणांत उभे राहून. ऑस्ट्रेलियांत ७ फेब्रुवारी २००९ च्या शनिवारीं एकशें त्र्याहत्तर जण मेले. तेथें पूर्वीं सांगत असत कीं तयारी असेल तर घर राखा, नसेल तर लवकर निघा. त्या शनिवारीं निम्म्याहून अधिक माणसें घरांतच मेलीं; तेव्हांपासून अतिभयंकर दिवशीं आग दिसण्यापूर्वींच निघून जावें, असें तेथें सांगितलें जातें. उशिरां पळणें जिवावर बेततें, ही गोष्ट दोन्हीं ठिकाणीं दिसून आली.

वऱ्हाडच्या पायथ्यावर याचा अर्थ काय होतो? धूर गांवाच्या रोखानें येऊं लागला कीं कोतवालाची दवंडी व्हावयाची तें पहिलें काम. आज भ्रमणध्वनीनें होत असेल तर तेंहि चालेल, पण गांवांत मोठ्यानें ओरडणारा माणूस लागतोच. म्हातारे, बाळंतिणी आणि मुलें आधीं निघावींत, वाऱ्याच्या दिशेला आडवीं, वखरलेल्या शेताकडे. गुरांचीं दावीं सोडावींत. हें शेवटचें फार महत्त्वाचें आहे. कारण गोठा पेटल्यावर दावें सोडण्यास परत फिरलेला शेतकरी गुरासह जातो. गुरें मोकळीं असलीं तर तीं स्वतः वाट काढतात. अंगावर सुती कपडा असावा आणि जवळ घोंगडी असल्यास ती डोक्यावरून घ्यावी. लोकर सहसा पेट घेत नाहीं, हें धनगराला शास्त्रज्ञाच्या आधींपासून माहीत आहे. तोंड जमिनीकडे ठेवावें, कारण ज्वाळेपेक्षां तापलेली हवा व धूर हेच आधीं जीव घेतात.

आणि हें सारें टाळण्याजोगेंहि आहे. पुष्कळ आगी रानांतून शेतांत येत नाहींत, शेतांतून रानांत जातात. उन्हाळ्यांत धुरे पेटविण्याची आणि काडीकचरा जाळण्याची रीत घरोघर आहे. दुपारीं पेटविलेला धुरा सांजवेळेपर्यंत डोंगरावर चढतो. मृग बहारासाठीं ताणावर सोडलेल्या बागेंत तर वैशाखांत पाणी नसतेंच. खालीं वाळलेलें तण राहिलें तर वीस वर्षें जोपासलेलीं झाडें घटकेंत करपतात. बागेभोंवतीं दोन वखरपाळ्या घालणें हीच बागाइतदाराची जाळरेषा.

कायद्यानें दीडशें वर्षांत जें साधलें नाहीं तें अलीकडे कांहीं गांवांत वेगळ्या मार्गानें साधूं लागलें आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभेला जंगलाचे सामूहिक हक्क मिळूं शकतात. अचलपूर तालुक्यांत मेळघाटच्या पायथ्याशीं असलेल्या पायविहीर या कोरकू गांवाला ते २०१२ मध्यें मिळाले. उजाड टेकडीवर गांवकऱ्यांनीं झाडें वाढविलीं, सीताफळें विकलीं, आणि हंगामांत आगीवर पहारा बसविला. २०१४ मध्यें त्यांच्या कामास जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकोणऐंशीव्या कलमाची धमकी तेथें कोणास द्यावी लागली नाहीं. सीताफळ आपलें असलें कीं धूर दिसतांच माणूस उठतो.

सरकारच्या हातींहि नवीं साधनें आलीं आहेत. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साह्यानें आगीच्या जागा हेरून वनखात्यास कळविते. आज ती सूचना थेट वनरक्षकाच्या खिशांतील यंत्रावर उमटते. परंतु यांतील मुख्य उपग्रह या मुलखावरून नेमक्या वेळींच जातात, बहुधा दुपारीं दीडच्या सुमारास आणि मध्यरात्रीनंतर. तीन वाजतां पेटलेल्या धुऱ्याची आग त्यांना रात्रीं दिसते. तोंपर्यंतचे दहा तास डोंगराकडे पाहणारा माणूस म्हणजे पायथ्याचा गुराखी, मोह वेंचून परतणारी बाई, नाहींतर बागेचा राखणदार.